रमाबाई रानडे : उंबरठ्यापासून रुग्णालयापर्यंत

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाई रानडे यांचे आत्मकथन तुम्ही आधीच्या घटकात अभ्यासले आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना लाभली. मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा विचार या ग्रंथाला वगळून करता येत नाही. तथापि एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. हा ग्रंथ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनापाशी, म्हणजे १६ जानेवारी १९०१ च्या रात्रीपाशी थांबतो. लेखिका मात्र त्यानंतर २३ वर्षे हयात होत्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कार्य याच काळात झाले. त्या कार्याविषयी त्यांनी स्वतःच्या लेखणीने असे पुस्तक लिहिले नाही.

उत्तरपत्रिका तपासताना मला वर्षानुवर्षे एकच विधान वाचावयास मिळते : रमाबाई म्हणजे पतीच्या छायेत घडलेली पत्नी. हे विधान खोटे नाही, परंतु ते ग्रंथापुरतेच खरे आहे. प्रस्तुत घटकात आपण ग्रंथाबाहेरच्या रमाबाईंचा परिचय करून घेऊ. त्यातही एका कामाकडे विशेष लक्ष देऊ. रुग्णालयातील डॉक्टर आणि घराच्या माजघरात आजार सोसणारी स्त्री यांच्यामधले अंतर कमी करण्याचे ते काम होय. आज आपण ज्याला वैद्यकीय समाजकार्य म्हणतो, त्याला त्या काळी मराठीत नावही नव्हते.

देवराष्ट्रे, कोल्हापूर, पुणे

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. कोल्हापूरहून निघालेला प्रवासी काही तासांत तेथे पोहोचतो. (महाराष्ट्रातील मुक्त विद्यापीठाला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा, १९१३ सालचा. हा केवळ योगायोग असला तरी आपल्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असावा.) मुलींनी अक्षर गिरवू नये असा त्या काळचा दंडक होता आणि कुर्लेकरांचे घर त्याला अपवाद नव्हते.

डिसेंबर १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह रानड्यांशी झाला. वर एकतीस वर्षांचे, पुण्यात सरकारी न्यायाधीश, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आणि नुकतेच विधुर झालेले. मुलगा एखाद्या विधवेशी विवाह करील या भीतीने त्यांचे वडील गोविंदराव यांनी घाई केली आणि पुत्राने वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवली. सुधारकाच्या चरित्रातील हा प्रसंग लोकांनी त्यांच्यावर पुष्कळ वर्षे ठपका म्हणून वापरला.

येथे कोल्हापूरचा संबंध येतो. गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. माधवरावांचे बालपण आणि प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. १८७७ साली गोविंदराव वारले आणि त्यांच्या कुटुंबातील मंडळी पुण्यास माधवरावांकडे आली. एका बाजूला रोज रात्री धडा घेणारा पती आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक हाती धरल्याबद्दल टोमणे मारणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया, अशा दोन सत्तांखाली रमाबाईंना वावरावे लागले. त्या इंग्रजी शिकू लागल्यावर हा संघर्ष अधिकच तीव्र झाला. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजी निवेदन वाचून दाखवले, तेव्हा घरातील स्त्रियांच्या रोषाला पारावार उरला नाही. ही शाळा, म्हणजेच आजची हुजूरपागा, १८८४ मध्ये स्थापन झाली.

या संघर्षाचे सविस्तर वर्णन तुम्ही ग्रंथात वाचले आहेच. मला त्यातून वेगळीच गोष्ट निवडावीशी वाटते. रमाबाई घरातील वडील स्त्रियांना उलट उत्तर देत नसत आणि शिकणेही सोडत नसत. रागावलेल्या, घाबरलेल्या, रूढीला चिकटून असलेल्या स्त्रीशी कसे बोलावे, कोठे थांबावे, केव्हा पुन्हा विषय काढावा, हे त्यांना कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकावे लागले नाही. पुढे शेकडो घरांच्या उंबरठ्यांवर त्यांना जे करावे लागले, त्याची तालीम त्यांच्याच स्वयंपाकघरात झाली होती. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला, तेव्हा आपल्या या रमाबाई त्यात सामील झाल्या. सार्वजनिक कामाची वाट येथून सुरू झाली.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईस गेले. १९०१ च्या प्रारंभी त्यांच्या निधनाने हे पर्व संपले. त्या वेळी रमाबाईंना ३९ वे वर्ष चालू होते.

‘स्वतः’ या शब्दाविषयी थोडेसे

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे येथे क्षणभर थांबतो. रमाबाईंनी आपल्या ग्रंथात पतीचे नाव घेणे टाळले आहे. त्यांचा निर्देश त्या ‘स्वतः’ या शब्दाने करतात. पतीचे नाव उच्चारू नये या संकेताने मराठी स्त्रीला अनेक पर्याय शोधायला लावले : ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘अहो’, ‘घरातले’. ‘स्वतः’ हा त्यांपैकीच एक होय. या ग्रंथाच्या एका इंग्रजी भाषांतराचे शीर्षकही याच शब्दावरून ठेवले गेले. सर्वनामाच्या वापराची ही एक लक्षणीय तऱ्हा आहे : जो शब्द सामान्यतः बोलणारीला स्वतःकडे वळवता येतो, तोच तिने दुसऱ्याला देऊन टाकला आहे.

हा केवळ व्याकरणाचा मुद्दा नाही. ज्या समाजात पतीचे नाव तोंडातून निघत नाही, त्या समाजात स्वतःच्या शरीराचे नाव तरी कोठून निघणार? स्त्रियांच्या आजारांची मराठी शब्दसंपत्ती पाहा. ‘बाहेर बसणे’, ‘अंगावरून जाणे’, ‘दिवस जाणे’, ‘मोकळी होणे’ : अवयवाचे नाव न घेता अवस्था सांगणारे हे शब्द आहेत. घरातील दुसऱ्या स्त्रीला ते तत्काळ कळतात. इंग्रजीतून वैद्यक शिकलेल्या आणि समोर पुरुष म्हणून बसलेल्या डॉक्टरपुढे ते उच्चारणेच कठीण होते. उच्चारले गेलेच, तर त्यांतून निदान करणे त्याहून कठीण. परिणामी आणखी एक वाक्प्रचार प्रत्यक्षात येई : दुखणे अंगावर काढणे. या वाक्प्रचाराचा अचूक इंग्रजी प्रतिशब्द मला अद्याप सापडलेला नाही. आपल्या घरात कोणी ना कोणी स्त्री दुखणे अंगावर काढीत असते, हे मात्र तुमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असेल.

डॉक्टर एकटा काय करील?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे स्त्री डॉक्टर. ते उत्तर शोधण्यात कोल्हापूर मागे नव्हते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन निघाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. क्षयाने त्यांना कामावर रुजू होऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच शहरात स्त्रियांची सेवा केली. ते रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने ओळखले जाते आणि जुने कोल्हापूरकर त्याला अजूनही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात.

परंतु स्त्री डॉक्टर झाली तरी प्रश्नाचा अर्धा भाग उरतोच. रुग्ण दवाखान्यात यावयास हवा. आल्यावर रात्री त्याच्याजवळ कोणीतरी बसावयास हवे. घरी परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य सासूला पटवून द्यावयास हवे. आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. ‘उपस्थाता’ म्हणजे जवळ उभा राहणारा, शुश्रूषा करणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात पहिले दोन पाद नव्या रूपात आले होते आणि चौथा तर सदैव होताच. तिसरा पाद मात्र फार दुबळा राहिला होता.

तो पूर्णपणे रिकामा होता असे नव्हे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्याबाहेर माळावर चालवलेल्या दवाखान्यात आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्या जोडीने काम केले. रुग्णांना त्या उपचारासाठी तेथे आणीत. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. समाजसेविका आणि डॉक्टर यांनी खांद्याला खांदा लावून केलेल्या कामाचा आपल्याकडील हा सर्वांत उज्ज्वल प्रसंग मानला पाहिजे. रमाबाई रानड्यांचे वेगळेपण आरंभ करण्यात नाही. त्यांनी या कामाला संस्थेचे, शिक्षणक्रमाचे आणि वेतनाचे रूप दिले, यात ते आहे.

सेवासदन

पतिनिधनानंतर रमाबाई पुण्यास परतल्या. काही काळ त्या जवळजवळ एकांतात राहिल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि त्यांचा सार्वजनिक वावर पुन्हा सुरू झाला. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, तेव्हा तेथेही अध्यक्षस्थानी रमाबाईच होत्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदन सुरू झाले आणि त्याला त्यांनी आपला वाडा, आपला वेळ आणि आपले नाव दिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. वर्गणी जमवणे, अहवाल लिहिणे, सरकारी कार्यालयांत खेटे घालणे हा भाग त्यांनी उचलला. घराघरांतील स्त्रियांचा विश्वास मिळवण्याचा भाग रमाबाईंकडे राहिला आणि तो कोणा पुरुषाला करता येण्यासारखा नव्हताच.

‘सेवा’ या शब्दाची निवडही विचार करण्यासारखी आहे. त्या काळच्या मराठी घरात सेवा होत असे ती देवाची, गुरूची, पतीची आणि सासू-सासऱ्यांची. तिला मोबदला नसे आणि ती परक्या माणसाची नसे. या शब्दाच्या कक्षेत अनोळखी रुग्ण आणणे, ती सेवा शिकून करावयाची असते असे सांगणे आणि तिचा पगार घेण्यात कमीपणा नाही असे पटवणे, एवढा अर्थविस्तार या संस्थेने प्रत्यक्ष व्यवहारातून घडवून आणला. शब्दाचा अर्थ कोशात बदलण्याआधी तो असा बदलत असतो.

सेवासदनात शिकवणीचे आणि शिवणकामाचे वर्ग होते, तसेच प्रथमोपचाराचे आणि घरगुती शुश्रूषेचेही होते. पुढचे पाऊल मात्र धाडसाचे होते : स्त्रियांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवावयाचे. आज नर्सिंग महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी रांगा लागतात, म्हणून या पावलाचे मोल चटकन कळत नाही. त्या काळी परिचारिकेचे काम बहुतांशी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांकडे होते. उच्चवर्णीय हिंदू घराच्या दृष्टीने त्यात एकाच वेळी अनेक गोष्टी अशक्य होत्या. कोणत्याही जातीच्या शरीराला स्पर्श करावयाचा. मलमूत्र काढावयाचे. परपुरुषाच्या हाताखाली काम करावयाचे. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, रात्रपाळीसाठी घराबाहेर राहावयाचे. विधवेच्या बाबतीत तर लोकांच्या जिभेला लगामच नसे.

रमाबाईंनी या आक्षेपांना भाषणांनी उत्तर दिले असते, तर त्याचा फारसा उपयोग झाला नसता. त्यांनी व्यवस्था उभी केली. रुग्णालयात शिकणाऱ्या स्त्रियांसाठी सेवासदनाने वसतिगृह चालवले. तेथील शिस्त आणि रीतिरिवाज असे ठेवले की, मुलगी दुसऱ्या एका घरी राहावयास गेली आहे असे माहेरच्यांना वाटावे. या घराची जबाबदारी खुद्द रानड्यांच्या पत्नीवर होती, ही सर्वांत मोठी हमी होती. बैरामजी जीजीभाय वैद्यकीय शाळेत सब-असिस्टंट सर्जनचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलींनाही सेवासदनाने आधार दिला. अशा रीतीने एकाच संस्थेच्या आश्रयाने डॉक्टर होणाऱ्या आणि परिचारिका होणाऱ्या स्त्रिया पुढे येऊ लागल्या.

रमाबाई स्वतः रुग्णालयात जात. फळे, फुले, पुस्तके घेऊन त्या रुग्णांच्या खाटांजवळ बसत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांनाही त्या अशाच भेटत. तुम्हाला हे केवळ सौजन्य वाटेल. कदाचित त्या काळच्या डॉक्टरांनाही तसेच वाटले असेल. परंतु खाटेजवळ बसणारी स्त्री रुग्णाशी आजाराखेरीज इतरही बोलते : घरी मुले कोणाकडे आहेत, औषधाला पैसे कोण देतो, परत गेल्यावर पाणी कोण भरणार. डॉक्टरांच्या कागदावर या प्रश्नांना जागा नसते आणि आजार बरा होणे पुष्कळदा त्यांच्याच उत्तरांवर अवलंबून असते.

पाश्चात्त्य देशांतही ही जाणीव त्याच सुमारास आकार घेत होती. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्ट्यूअर्ट यांची नेमणूक झाली. रुग्णाची सांपत्तिक व कौटुंबिक स्थिती पाहणे हे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. बॉस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये आपल्या रुग्णालयात समाजकार्याला स्थान दिले. आयडा कॅनन यांनी पुढे ते काम वाढवले. भारतात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत, टाटांच्या समाजकार्य संस्थेत सुरू झाले आणि वैद्यकीय समाजसेवकाचे पहिले पद १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात निर्माण झाले, म्हणजे रमाबाईंच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. आज शासकीय रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी दिसते. ते पदनाम जड असले, तरी त्यामागचे काम खाटेजवळ बसून विचारलेल्या त्या प्रश्नांचेच आहे.

मर्यादा

चरित्रलेखनात गौरव सोपा असतो. मर्यादा सांगताना हात आखडतो, परंतु अभ्यासकाने त्या सांगितल्याच पाहिजेत. सेवासदनाचा पहिला आधार पुण्यातील पांढरपेशा, बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांचा होता. कोल्हापुरात याच वर्षांत शाहू महाराज शिक्षण आणि नोकऱ्या बहुजन समाजापर्यंत नेण्यासाठी झगडत होते. त्या दृष्टीने पाहिले, तर सेवासदनाची चाल फारच जपून टाकलेली वाटते. रूढीशी उघड भांडण टाळण्याचा रमाबाईंचा स्वभाव होता. पंडिता रमाबाईंसारखा निर्णायक विच्छेद त्यांनी कधी केला नाही. रानड्यांच्या सौम्य सुधारणावादावर होणारी टीका त्यांनाही लागू पडते.

माझे मत असे की, त्यांची ही सावधगिरी आणि त्यांचे यश यांना वेगळे करता येत नाही. बंडखोर स्त्रीच्या हाती त्या घरांनी आपली विधवा सून सोपवली नसती. याची किंमतही त्यांनी मोजली : ज्यांना वसतिगृहातील ते ‘घरासारखे’ वातावरण आपले वाटणार नव्हते, त्या स्त्रिया दीर्घकाळ बाहेरच राहिल्या. तुम्ही या मताशी सहमत व्हावे असा आग्रह नाही. मात्र असहमत असाल, तर तसे सकारण लिहावे.

अखेरची वर्षे

सेवासदनाच्या शाखा पुण्याबाहेर निघाल्या. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा, यासाठीही रमाबाई उतारवयात झटल्या. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीस जात आणि तेथे वारकरी स्त्रियांची सेवा करीत. सभागृहात बसणाऱ्या स्त्रियांनी यात्रेच्या गर्दीत उतरावे, हा त्या काळी नवाच प्रकार होता. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय डाक खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अलीकडे ‘उंच माझा झोका’ या दूरचित्रवाणी मालिकेने त्यांचे नाव पुन्हा घरोघरी नेले.

आता एक कृती करा. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथाची अखेरची प्रकरणे, म्हणजे न्यायमूर्तींच्या आजारपणाचा भाग, पुन्हा वाचा. या वेळी रुग्णाकडे न पाहता त्याच्या उशाशी बसलेल्या स्त्रीकडे पाहा. ती काय पाहते, काय टिपून ठेवते, डॉक्टरांना काय सांगू शकते आणि काय तिच्या हाताबाहेरचे राहते, याची नोंद करा. त्यानंतर आपल्या घरातील किंवा शेजारातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला विचारा की, तिच्या तरुणपणी स्त्रियांच्या दुखण्यांना कोणते शब्द वापरीत असत. ती लाजेल, विषय बदलेल. घाई करू नका. मिळालेल्या शब्दांपैकी कोणते शब्द ती डॉक्टरांसमोर वापरते आणि कोणते वापरत नाही, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहून संपर्कसत्राला येताना सोबत आणा.